उसनें मरण

गेल्या दिवाळींत माझा एक भाचा सुटीसाठीं अंबाजोगाईस आमच्याकडे आला होता. हैदराबादेस अभियांत्रिकीचें शिक्षण घेणारा, एरवीं मितभाषी, वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्यावांचून घराबाहेर न पडणारा असा हा मुलगा. पाडव्याच्या दुपारीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर पान खात बसली असतां आंतल्या खोलींतून एकाएकीं असा कांहीं आवाज उठला कीं, माझ्या वृद्ध आईच्या हातांतला अडकित्ता जागच्या जागीं थबकला. "अरे, कोण गेलें रे?" असें तिनें घाबरून विचारलें. त्या दिवशीं आमच्याकडे एक विद्वान् गृहस्थ पाहुणे होते. त्यांनीं पुरतें अर्धें मिनिटही न ऐकतां निकाल देऊन टाकला : "हें गाणें नव्हे. गळा दाबलेल्या जनावराची ही घरघर आहे, आणि ती आपल्या घरांत शिरली आहे, हीच खरी चिंतेची गोष्ट!" भाच्यानें निमूटपणें यंत्र बंद केलें. त्यानें वाद घातला नाहीं. "चुकलें, मामा," एवढेंच तो म्हणाला.

गोष्ट येथेंच संपती तर ती लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु या गृहस्थांनीं पुढें एका व्याख्यानांत तरुणांच्या बिघडलेल्या अभिरुचीचा दाखला म्हणून हाच प्रसंग सांगितला, आणि श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. त्यांचे आक्षेप चार. हा गोंगाट आहे. यांतले शब्द कळत नाहींत. जें कळतें तें किळसवाणें आहे. आणि असलें ऐकून मुलें बिघडतात. मीं मात्र मध्यंतरीं एक गोष्ट केली होती, जी त्यांनीं केली नव्हती. भाच्याकडून तीच गाणीं मागून घेऊन मीं तीं तीन वेळां ऐकलीं. पहिल्या खेपेस डोकें दुखलें. दुसऱ्या खेपेस कांहीं आकार दिसूं लागला. तिसऱ्या खेपेस माझें स्वतःचें एक भांडण तयार झालें. तें भांडण एका बाजूस या विद्वान् गृहस्थांशीं आहे, आणि दुसऱ्या बाजूस त्या गाणाऱ्यांशींही आहे. तें क्रमानें मांडतों.

त्या दुपारीं बंद पाडलेली मुद्रिका म्हणजे हैदराबादेच्या 'गॉडलेस' या मंडळीची 'सेंच्युरीज ऑफ डेकॅडन्स', म्हणजे 'शतकानुशतकांचा ऱ्हास', ही पहिली लहानशी ध्वनिमुद्रिका. ती २०१६ सालीं निघाली. मोजकीं गाणीं, अर्ध्या तासाच्या आंत आटोपणारीं. पुढें या मंडळीनें २०१८ सालीं 'स्वॉर्म' आणि २०२१ सालीं 'स्टेट्स ऑफ केऑस' प्रसिद्ध केलें. पण आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवर हें नांव गेलें असेल. बीडकरांस हैदराबाद परकें नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या अमलाखालीं होता, आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यांतच होता. आमच्या आजोबांचे दावे आणि दस्तऐवज जिकडे जात, तिकडेच आज आमचीं मुलें शिकावयास जातात, आणि सुटींत परततांना हें असलें गाणें घेऊन येतात.

या गाण्याच्या जातीस 'डेथ मेटल' म्हणतात. तिचा उगम विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत अमेरिकेंत झाला. १९८४ सालीं कॅलिफोर्नियांतील 'पझेस्ड' नांवाच्या पोरसवदा मंडळीनें 'डेथ मेटल' याच नांवाची एक कच्ची मुद्रिका काढली. १९८७ सालीं चक शुल्डिनर या तरुणाच्या 'डेथ' या मंडळीची 'स्क्रीम ब्लडी गोर' निघाली. आणि मग फ्लोरिडा प्रांत हें या संगीताचें जणूं पीठच होऊन बसलें. आपल्याकडे मुंबईच्या 'गटस्लिट'सारख्या मंडळ्यांनीं तें वळण गिरविलें, आणि 'गॉडलेस'ही त्याच घराण्यांतली.

आतां पहिला आक्षेप. गोंगाट कशास म्हणावें? ज्यांत कांहीं रचना नाहीं त्यास. येथें तर रचनेचा अतिरेक आहे. गिटारीच्या तारा नेहमींच्या सुरापेक्षां खालीं उतरविलेल्या असतात, त्यामुळें नाद जमिनींतून आल्यासारखा जड वाटतो. ढोल वाजविणारा दोन्हीं पायांनीं दोन पायपट्ट्या दाबीत असतो आणि हात निराळ्याच गतीनें चालवीत असतो; ही चौपदरी लय बोटभर चुकली तरी सारी इमारत कोसळेल. गळ्यांतून येणारी ती घरघर म्हणजे ओरडणेंही नव्हे. बोलतांना आपण ज्या स्वरतंतूंचा उपयोग करतों, त्यांच्या वर दुसरी एक पडद्यांची जोडी असते. ती कंपित करून हा आवाज काढतात, आणि तो गळा न फाटतां काढतां यावा म्हणून वर्षानुवर्षें मेहनत करावी लागते. ज्यांनीं गोंधळांत संबळ ऐकला आहे त्यांस दोन भांड्यांच्या जोरावर अंगांत वारें कसें भरतां येतें हें सांगावयास नको. संबळाच्या घाईस आपण 'अंगांत आलें' म्हणतों. हैदराबादेच्या ढोलाच्या घाईस 'डोकें फिरलें' म्हणतों. या दोन वाक्यांत फरक आहे तो नादाचा नव्हे, ओळखीचा आहे.

दुसरा आक्षेप शब्द कळत नाहींत हा. मग आपण तराण्यास कां डोलतों? तराण्याच्या बोलांचा अर्थ विचारणाऱ्यास आपण अरसिक म्हणतों, आणि तें योग्यच आहे. तेथें कंठ हेंच एक वाद्य झालेलें असतें. या गाण्यांतही कंठ वाद्यच होतो, फक्त तो सतार न होतां नगारा होतो. शब्द लिहिलेले असतात, ते ज्यास हवे त्यानें वाचावे. परंतु ते कळत नाहींत म्हणून हें गाणें नव्हे असें म्हणणारानें आधीं आपल्या घरांतल्या निम्म्या तबकड्या फोडून टाकाव्या.

तिसरा आक्षेप मोठा आहे, आणि तो करणारे गृहस्थ संस्कृताचे जाणते आहेत म्हणून मला त्याचें विशेष आश्चर्य वाटतें. भरतानें आठ रस सांगितले, त्यांत बीभत्स आणि भयानक हे दोन सांगितले. ते चुकून यादींत आले नव्हते. भवभूति हा विदर्भाच्या पद्मपुराचा, म्हणजे आमचा शेजारीच. त्याच्या 'मालतीमाधवा'च्या पांचव्या अंकांत नायक स्मशानांत नरमांस विकावयास निघालेला आहे, आणि भोंवतीं पिशाचें प्रेतांवर तुटून पडलेलीं आहेत. गीतेच्या अकराव्या अध्यायांत अर्जुनास काय दिसतें? कराल दाढांच्या मुखांत धांवत शिरणारे वीर, आणि दांतांच्या फटींत अडकून चूर्ण झालेलीं मस्तकें. हा अध्याय आपण मुलांकडून पाठ करून घेतों. बीभत्साची किळस आपणांस खरोखरीच असती तर आपण हीं पुस्तकें देव्हाऱ्याजवळ ठेवलीं नसतीं. किळस आहे ती नव्या बीभत्साची. जुन्यावर शतकांचें चंदन लागलेलें असतें.

मराठी वाङ्मयांतही हाच अनुभव आहे. मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' १९४७ सालीं निघाल्या, आणि पुढल्याच सालीं त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला. कवि पुढें निर्दोष सुटले. आणि पिंपांत मरून पडलेल्या उंदरांवरची त्यांची कविता आज विद्यापीठांतून आदरानें शिकविली जाते. १९७२ सालीं नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा पहिला संग्रह आला. त्यास प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यांतील कित्येक शब्द ठाऊक नव्हते, आणि तें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें. न कळलेल्या शब्दासमोर असें उभें राहणें ही खरी सुसंस्कृतता. त्यावर खिडकी लावून घेणें ही नव्हे.

चौथा आक्षेप मुलें बिघडण्याचा. ऑस्ट्रेलियांतील मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ सालीं या गाण्याच्या भक्तांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिंसेच्या चित्रांकडे त्यांचें मन दगड झालें आहे काय, हें त्यांनीं तपासलें. तसें आढळलें नाहीं. हिंसा पाहून इतरांचें मन जसें दचकतें तसेंच यांचेंही दचकतें. पण मला त्या प्रयोगाचीही गरज नाहीं. ज्या मुलानें आजीच्या एका प्रश्नासरशी यंत्र बंद केलें त्याचें मन दगड झालें आहे, हें मी कसें मानूं?

असो. इथवर मी त्या मुलाचा वकील होतों. आतां माझें दुसरें भांडण.

माझ्या आईनें विचारलें होतें, "कोण गेलें रे?" सबंध प्रकरणांत शहाणा प्रश्न तेवढा एकच होता. विद्वानांस त्या आवाजांत जनावर ऐकूं आलें; जन्मभर खेड्यांत काढलेल्या बाईला त्यांत घरांतलें कोणीतरी मेल्याचा आक्रोश ऐकूं आला. म्हणजे त्या संगीताचा हेतु तिला अचूक पोंचला. पण तिच्या प्रश्नाचें उत्तर त्या मुद्रिकेंत नाहीं. कोण गेलें? कोणीच नाहीं. गाण्यांची भाषा इंग्रजी, घाट फ्लोरिडाचा, आणि मरण कोणा एकाचें नव्हे, सामान्यपणें सर्व मानवजातीचें. मोठ्या कसबानें, मोठ्या दमसासानें ही मंडळी एका अशा मरणाचा टाहो फोडतात कीं, जें त्यांच्या गल्लींत, त्यांच्या तालुक्यांत, त्यांच्या भाषेंत घडलेलें नाहीं. हें मरण उसनें आहे. आणि 'गॉडलेस'ची गोष्ट मी उदाहरणादाखल सांगतों. आपल्या देशांतल्या या जातीच्या बहुतेक पहिल्या मुद्रिकांवर हाच आक्षेप घेतां येईल.

मरणाची उसनवारी आमच्या बीड जिल्ह्याला तरी करावी लागूं नये. दसरा-दिवाळी झाली कीं, गांवेंच्या गांवें ओस पडतात, आणि माणसें ऊस तोडावयास सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या वाटेस लागतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'एक कोयता' असें म्हणतात. दोन जीव मिळून एक हत्यार, हा हिशेब कोणा कवीनें रचलेला नाहीं; तो मुकादमाच्या वहींतला आहे. मुकादमाकडून आधीं उचल घ्यावयाची, ती फिटेपर्यंत तोडावयाचें, आणि एक दिवस चुकला तर त्याचा खाडा भरावयाचा. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाहीं म्हणून, आणि कांहीं वैद्यांनीं भीति घातली म्हणून, कितीतरी बायांनीं ऐन तारुण्यांत गर्भाशय काढून टाकले. अशा शस्त्रक्रिया बीड जिल्ह्यांतील खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ झाल्या, असा आंकडा २०१९ च्या जूनमध्यें राज्याच्या विधिमंडळांत सांगण्यांत आला. त्यांतल्या साऱ्याच ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या नव्हत्या. पण हा आंकडा वाचून ज्याच्या घशांतून घरघर निघणार नाहीं, त्याच्या घशांत मला रस नाहीं. फ्लोरिडाच्या पोरांना शरीर फाडण्याचीं चित्रें कल्पनेनें रंगवावीं लागलीं. आमच्याकडे त्याची पावती मिळते.

आणि आवाजाची तरी उणीव कोठें आहे? आमच्या खेड्यांत अंत्ययात्रेपुढें हलगी वाजते. ती ज्यानें एकदां जवळून ऐकली, त्याच्या पोटांत तिचे ठोके कित्येक दिवस राहतात. मेलेल्याच्या दारांत बाया हेल काढून रडतात. त्या रडण्यास ताल असतो, चाल असते, आणि शब्दही असतात : त्यानें काय केलें, कोणाचें देणें ठेवलें, शेवटीं काय मागितलें. ही एक कलाच आहे, आणि तिच्यांत 'कोण गेलें' या प्रश्नाचें उत्तर नांवासकट दिलेलें असतें.

येथें कोणी असें समजूं नये कीं, मी साऱ्या दोषाचें गांठोडें त्या तरुणांच्या डोक्यावर ठेवीत आहें. ही हलगी त्यांनीं कां उचलली नाहीं? कारण ती आपण कधीं ऐकूं दिली नाहीं. प्रेत गल्लींतून चाललें कीं, आपण पांढरपेशे खिडक्या लावून घेतों. घरांतल्या मुलांस आपण भावगीत दिलें, नाट्यगीत दिलें, भूपाळी दिली. हलगी ही 'त्यांची' म्हणून बाजूस ठेवली. ज्यांनीं ती पिढ्यान्पिढ्या वाजविली त्यांस आपण ओसरीच्या खालीं उभें केलें, आणि त्यांच्या तालासही तेथेंच उभें केलें. आपल्या वाङ्मयांत दुष्काळ येतो तो बहुधां पार्श्वभूमि म्हणून. ऊसतोडणी येते ती करुण कथेचा शेवट म्हणून. रागाला आपण जागाच ठेवली नाहीं. मग तरुण पोराच्या मनांत राग दाटला कीं, तो समुद्रापलीकडचें कपाट उघडतो, कारण घरांतल्या कपाटाची किल्ली आपल्या कमरेला असते. ज्यांनीं खिडक्या लावल्या त्यांनींच मुलांस 'परकीयांचें अनुकरण करतां' म्हणून हिणवावें, यापरता निर्लज्जपणा दुसरा नाहीं.

पहिली मुद्रिका ही शेवटची नसते, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. चक शुल्डिनरनें विशीच्या उंबरठ्यावर रक्तमांसाचीं गाणीं लिहिलीं. १९९१ च्या 'ह्यूमन'पर्यंत तो तें सारें सोडून माणसाच्या मनाकडे वळला होता. २००१ सालीं मेंदूच्या अर्बुदानें तो वारला तेव्हां चौतीस वर्षांचा होता. त्याहून आमच्या कामाचें उदाहरण ब्राझीलचें आहे. तेथील बेलो ओरिझोंते शहरांत कावालेरा आडनांवाच्या दोन भावांनीं एक मंडळी काढली आणि तिचें नांव 'सेपुल्तुरा', म्हणजे 'थडगें', असें ठेविलें. १९८५ च्या अखेरीस त्यांची 'बेस्टियल डिव्हॅस्टेशन' ही लहानशी पहिली मुद्रिका निघाली; तीही दुसऱ्या एका मंडळीबरोबर अर्धी वांटून घेतलेली. थोरला भाऊ सोळा वर्षांचा, धाकटा पंधराचा. इंग्रजी त्यांस धड येत नव्हती, तरी इंग्रजींतच गायले. उसन्या सैतानाची, उसन्या विध्वंसाची ती पोरकट आरोळी होती. तेव्हां कोणी त्यांच्या खोलींत शिरून यंत्र बंद केलें असतें, आणि त्या मुलांनीं 'चुकलें' म्हटलें असतें, तर पुढलें घडलें नसतें. पुढें असें घडलें कीं, याच मंडळीनें १९९६ सालीं 'रूट्स', म्हणजे 'मुळें', नांवाची मुद्रिका काढली, आणि तिच्यासाठीं ते आपल्याच देशांतील शावांते या आदिवासी लोकांच्या वस्तींत जाऊन त्यांच्याबरोबर गायले. उसन्यापासून स्वतःच्यापर्यंत यावयास अकरा वर्षें लागलीं. 'गॉडलेस'च्या पहिल्या मुद्रिकेस आज इतकीं वर्षें झालीं. तो रस्ता आपल्या इकडे अजून कोणी पुरा चाललेला मला दिसत नाहीं. सिंगापूरच्या 'रुद्र' या भारतीय वंशाच्या मंडळीनें 'ब्रह्मविद्या' या नांवानें २००५ पासून तीन मुद्रिका काढून संस्कृत आणि वेदान्त या संगीतांत आणला, हें खरें. पण उपनिषदांतला मृत्यु निराळा आणि उसाच्या फडांतला निराळा.

मात्र एक धोका आधींच सांगून ठेवतों. माझें म्हणणें ऐकून उद्यां कोणी इंग्रजी गाण्याच्या आरंभीं पंधरा सेकंद हलगी वाजवून 'हें आमच्या मातीचें' अशी जाहिरात करील, तर ती हलगीची विटंबना होईल. लग्नांत विलायती पोषाखावर फेटा बांधावा तसला तो प्रकार. वाद्य चिकटविल्यानें मरण स्वतःचें होत नाहीं. ज्याचें मरण गावयाचें, त्याचें नांव ठाऊक असावें लागतें. त्याच्या दारांत जाऊन बसावें लागतें. हलगी वाजविणाऱ्यास ओसरीवर, आपल्या बरोबरीनें, जागा द्यावी लागते. हें काम गिटारीच्या तारा उतरविण्याहून कठीण आहे.

परत जावयाच्या आदल्या रात्रीं मीं भाच्याला हें सारें बोलून दाखविलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मराठींत असं ओरडलं तर लोक हसतील हो. इंग्रजींत निदान कळत तरी नाहीं." मला या उत्तराचा राग आला नाहीं, त्याची लाज वाटली, आणि ती माझ्या पिढीची वाटली. ज्या भाषेंत दुःखाचा टाहो फोडला तर हसें होईल असें तिच्याच मुलांस वाटतें, त्या भाषेच्या रक्षकांनीं दुसऱ्याच्या अभिरुचीची चौकशी करण्याआधीं घरची चौकशी करावी. सकाळीं माझ्या आईनें त्याच्या हातावर लाडवांचा डबा ठेविला, आणि निघतांना त्याला विचारलें, "काय रे, त्या दिवशीं तो कोण एवढा रडत होता?" त्यानें वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला सांगतों, आजी."

तो सांगेल कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. पण त्यानें सांगावें असें वाटत असेल तर त्या दुपारीं आपण जें केलें तें पुन्हां करतां येणार नाहीं. ज्यांस माझ्या या म्हणण्यास उत्तर द्यावयाचें असेल, त्यांनीं अवश्य द्यावें. मी त्यांचा ऋणी होईन. अट एकच : लेखणी उचलण्यापूर्वीं तीं गाणीं एकदां शेवटपर्यंत ऐकावीं, आणि गल्लींतून हलगी जाईल तेव्हां खिडकी उघडी ठेवावी.